शुद्ध भाषा कोणाची?



उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा घाटमाथ्यावरचा रानाचा मुलूख आहे. पूर्वी त्यास सुपे तालुका म्हणत. काळी नदीवरील धरणात जुने सुपे बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, पुढे तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. घरी कोंकणी, भजनात व वाचनात मराठी आणि कचेरीत कानडी असा व्यवहार असलेली कुटुंबे येथे आढळतात. अशा मुलखात शिक्षकापुढे एक प्रश्न नेहमी उभा राहतो. मूल घरून जी बोली घेऊन येते, तिला अशुद्ध म्हणावयाचे काय? आणि म्हणावयाचे, तर शुद्ध काय हे ठरविले कोणी?

या प्रश्नाचा इतिहास फ्रान्समध्ये फार स्पष्ट दिसतो. तेथे १६३५ मध्ये भाषेच्या नियमनासाठी फ्रेंच अकादमी स्थापन झाली व तिचा कोश १६९४ मध्ये निघाला. त्याआधी, १६४७ साली, व्होजला नावाच्या पंडिताने निर्वाळा दिला होता की, राजदरबारातील निवडक मंडळी बोलतात तीच चांगली भाषा. परंतु दरबारही कायमचा नसतो. 'मी' या अर्थी योजला जाणारा शब्द दरबारात 'म्वे' असा उच्चारीत, तर पॅरिसचे सामान्यजन 'म्वा' म्हणत. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर दरबार गेला आणि सामान्यांचा 'म्वा' प्रमाण ठरला. सतराव्या शतकात कॅनडात जाऊन वसलेल्या फ्रेंचांच्या वंशजांत मात्र 'म्वे' टिकून राहिला, आणि जो उच्चार एके काळी राजाच्या मुखी शोभे, तोच आता गावंढळ मानला जाऊ लागला. उच्चार तोच, बदलला तो त्याचा मान.

आपल्या मराठीची कथा याहून फारशी निराळी नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली. शाळा निघाल्या, छापखाने आले, क्रमिक पुस्तके लिहावी लागली. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये, तर दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मेजर कँडी यांनी सरकारी पुस्तकांच्या भाषेवर दीर्घकाळ संस्कार केले. या काळात पुण्याच्या शिष्टवर्गाची बोली हाच नमुना ठरला, याचे कारण पुणे हे राजधानीचे व विद्येचे ठिकाण होते. ती बोली स्वभावतःच अधिक निर्दोष होती, हे नव्हे. या निवडीचा लाभही मोठा झाला. वऱ्हाडातील व कोंकणातील मुले एकच पुस्तक वाचू लागली, हे विसरून चालणार नाही.

परंतु नमुना एका ठिकाणचा असला की कानही त्याच ठिकाणचा होतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि 'तें', 'घरें', 'केलें' यांवरील अनुस्वार गेले. हे अनुस्वार उच्चारले जात नाहीत, मग लिहावयाचे कशाला, हा त्यामागील विचार लेखन सुलभ करणारा होता. पण उच्चारले जात नाहीत ते कोठे? कोंकणी माणूस आजही 'तें' हा शब्द स्पष्ट नाकात उच्चारतो. जुन्या मराठीचा हा नाद ज्या मुलाच्या जिभेवर जिवंत आहे, त्याच्याच उच्चाराला शाळेत हेल म्हणून हसावे, हा न्याय नव्हे.

प्रमाण भाषा आणि लोकभाषा यांचा मेळ कसा घालावा, याचा उत्तम दाखला शेजारच्या गोव्यात चारशे वर्षांपूर्वीच घडला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ईश्वरी विषयास मराठी योग्य म्हणून त्यांनी ती निवडली. मात्र निव्वळ शुद्ध मराठी सामान्यांस उमगत नाही, हे जाणून कवींचे अवघड शब्द त्यांनी टाळले व स्थानिक बोलीतील सोपे शब्द ठायी ठायी मिसळले, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. ग्रंथभाषेचा मान त्यांनी राखला आणि ऐकणाऱ्याचाही राखला.

त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज विजरईने लोकांनी देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान काढले. फ्रान्समध्येही १७९४ साली आबे ग्रेग्वार यांनी प्रांतिक बोली नष्ट कराव्यात, असा अहवाल सादर केला. दोन्हीकडे हुकूम निघाले, पण लोकांच्या जिभा तत्काळ वळल्या नाहीत. कोंकणी तर जगलीच आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत दाखल झाली. आता तिच्यातही कोणती लिपी आणि कोणत्या भागाची बोली प्रमाण, हा वाद आहे. ज्या भाषेला कालपर्यंत बोली म्हणून हिणविले, तिलाही अखेर हाच प्रश्न सोडवावा लागतो.

तात्पर्य, प्रमाण भाषा ही सर्वांच्या सोयीसाठी बांधलेली सडक आहे. ती हवीच, कारण तिच्यावाचून गावागावांचा व्यवहार चालत नाही. पण सडक झाली म्हणून घराच्या अंगणास कोणी आडवाट म्हणत नाही. शिक्षकाने प्रमाण मराठी कसून शिकवावी, परीक्षेत तीच मागावी. मात्र मुलाने घरचा शब्द उच्चारला, तर 'हे चूक' असे न म्हणता 'हे तुझ्या घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात' एवढे सांगावे. त्यात मुलाला दोन्ही भाषा मिळतात. चूक म्हटल्याने मात्र ते एक गमावते आणि दुसरीला बिचकते.