सशाने वसवलेलं शहर

विजयनगरचं साम्राज्य एका सशाने स्थापन केलं. हे मी म्हणत नाही. सोळाव्या शतकात नुनिझ नावाच्या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने ही दंतकथा लिहून ठेवली आहे. राजाने तुंगभद्रेकाठी सशावर शिकारी कुत्रे सोडले, तर ससा उलटा फिरून कुत्र्यांनाच चावला. एका तपस्व्याने सांगितलं, राजा, नगर इथेच वसव. साल १३३६ धरतात. अहमदाबादच्या जन्मकथेतही असाच ससा आहे. त्या काळी आर्किटेक्टपेक्षा ससा स्वस्त पडत असावा.

ही गोष्ट मी होस्पेटच्या अलीकडे मोत्याला सांगितली तेव्हा त्याने जांभई दिली. मोत्या हा आमच्या साडूंचा कुत्रा. साडूंनी रिटायर झाल्यावर एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढून बिछाने, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. ते तिला कॅम्परव्हॅन म्हणतात. आमची ही म्हणते 'विंचवाचं बिऱ्हाड'. असे आम्ही पाच जण, मोत्या धरून, हंपीला निघालो.

रस्ता सोलापूर-विजापूरवरून. (विजापूरचं आता विजयपुरा झालंय, पण जिभेपर्यंत ते सर्क्युलर पोचलेलं नाही.) सोलापूरच्या किल्ल्यासाठी नगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही वर्षानुवर्षं भांडत होत्या. शेवटी हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि किल्ला हुंड्यात देऊन टाकला. मला सासरहून मनगटी घड्याळ मिळालं होतं. पण त्या लग्नाच्या मांडवातच विजयनगरचं मरण ठरलं.

कारण तिथला कर्ता पुरुष रामराया. आज या सुलतानाला हाताशी धरून त्याला ठोकायचं, उद्या त्याला धरून याला, हे त्याचं धोरण. बँकेत असे खातेदार आम्ही पुष्कळ पाहतो. एकाकडून घेतात, दुसऱ्याचं भागवतात. सगळे धनको एकाच दिवशी दारात येईपर्यंत हे झकास चालतं. तो दिवस २३ जानेवारी १५६५. शाळेत आपण ज्याला तालिकोटची लढाई म्हणून पाच मार्कांपुरतं शिकलो, ती ही. म्हाताऱ्या रामरायाला जिवंत पकडलं आणि निजामशहासमोर त्याचं मस्तक उडवलं. म्हणजे नगरवाल्यासमोर, आपल्या नगरच्या! साडूंना या लढाईचा सरळ ताळेबंद हवा होता, इकडे हे, तिकडे ते. तो काही जुळेना. रामरायाच्या फौजेत मुसलमान सरदार होते आणि सुलतानांच्या पदरी मराठे होते. साडू विजापूर सोडेपर्यंत गप्प होते.

हरल्यावर रामरायाचा भाऊ तिरुमल राजधानीत आला आणि खजिना हत्तींवर लादून पेनुकोंड्याला निघून गेला. सेवेलच्या १९०० सालच्या पुस्तकात हत्तींचा आकडा साडेपाचशे आहे. कॅश डिपार्टमेंटला असताना मी पेट्या मोजून घेतल्या आहेत, हत्ती कधी नाही. पेनुकोंड्याला तो भरणा मोजून घ्यायला कोण बिचारा बसला असेल, याचाच मी रस्ताभर विचार करत होतो. मग इलकलजवळ हिने इरकली लुगडी पाहायला गाडी थांबवायला लावली, तेव्हा लक्षात आलं की ज्यांच्याकडे हत्ती नव्हते ते सगळे मागेच राहिले होते. विणकर, सराफ, फुलवाल्या बाया. पुढे कित्येक महिने शहर लुटत होते, जाळत होते.

२०१७ साली पन्नासची नवी नोट आली. तिच्या पाठीवर हंपीचा दगडी रथ आहे. हा रथ मी लाखो वेळा मोजला होता, पाहिला नव्हता. तो मुळात गरुडाचं देऊळ आहे आणि समोर विठ्ठलाचं. मोत्यापाशी पाळीपाळीने थांबत आम्ही आत गेलो. गाभारा रिकामा. आपल्याकडची कथा अशी की, रायाने पंढरपूरचा विठोबा इथे आणला होता आणि एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, तो परत नेला. हिने त्या रिकाम्या अंधाराला हात जोडले.

"अगं, आत कोणी नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे," ही म्हणाली. "घरी गेलाय."

१५२० च्या सुमारास आलेल्या पेस नावाच्या पोर्तुगिजाला हे शहर रोमएवढं वाटलं होतं. बाजारात हिरे-माणकं विकायला असत, असं तो लिहितो. आम्ही तिथे केळी घेतली. दोन मोत्याने सालासकट खाल्ली. मी पन्नासची नोट दिली, तर केळीवाल्या बाईने ती उन्हात धरून दोन्ही बाजूंनी नीट तपासली आणि मगच कनवटीला लावली.