एव्हरेस्टवरचा ‘२ वाजताचा नियम’ काय होता आणि छोटा धंदा करणाऱ्यांनी तो का समजून घ्यावा?

१० मे १९९६. एव्हरेस्टच्या माथ्याजवळ त्या दिवशी चक्क रांग लागली होती. संध्याकाळी वादळ आलं आणि पुढच्या दिवसापर्यंत ८ जणांचा जीव गेला. त्यातले पाच नेपाळच्या बाजूने चढलेले, तर तिघं तिबेटच्या बाजूने गेलेले भारताच्या आयटीबीपीचे जवान होते.

या घटनेवर पुस्तकं आली, सिनेमे आले. पण ती मॅनेजमेंटच्या वर्गातही शिकवली जाते. हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यावर केस स्टडी केली आणि ती लिहिणाऱ्यांपैकी मायकल रॉबर्टो यांचा यावरचा लेख २००२ साली प्रसिद्ध झाला.

डोंगरावरच्या अपघाताचा धंद्याशी संबंध काय? तर नेपाळच्या बाजूने चढणाऱ्या दोन मोठ्या तुकड्या म्हणजे मुळात दोन छोट्या कंपन्या होत्या.

शिखर विकणारे दोन मालक

न्यूझीलंडचे रॉब हॉल यांची ‘अ‍ॅडव्हेंचर कन्सल्टंट्स’ आणि अमेरिकेतल्या सिएटलच्या स्कॉट फिशर यांची ‘माउंटन मॅडनेस’. हॉल एका गिऱ्हाइकाकडून सुमारे ६५,००० डॉलर घ्यायचे. फिशर या बाजारात नवे होते आणि त्यांना नाव कमवायचं होतं.

त्या वर्षी ‘आउटसाइड’ मासिकाचे पत्रकार जॉन क्राकौर हॉल यांच्या तुकडीत होते. त्यांच्या फीचा मोठा भाग मासिकातल्या जाहिरातींच्या जागेतून वळता होणार होता. म्हणजे मोहीम कशी झाली हे जगभरातले संभाव्य गिऱ्हाईक वाचणार होते.

त्याच्या आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, हॉल यांनी आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना शिखराच्या अगदी जवळून परत फिरवलं होतं. निर्णय बरोबर होता, सगळे जिवंत परतले. पण धंद्याच्या हिशेबात त्या वर्षी शिखरावर पोहोचलेली गिऱ्हाइकं होती शून्य. परत फिरवलेल्यांमध्ये डग हॅन्सन हे पोस्टात काम करणारे गृहस्थ होते. दोन-दोन नोकऱ्या करून त्यांनी पैसे जमवले होते. १९९६ साली पुन्हा यावं म्हणून हॉल यांनीच त्यांना गळ घातली आणि फीमध्ये सवलतही दिली.

२ वाजताच का?

शिखरावर पोहोचणं म्हणजे अर्धाच रस्ता. उतरायला उजेड लागतो आणि सिलिंडरमधला ऑक्सिजन मोजका असतो. म्हणून फार तर दुपारी २ वाजेपर्यंत जिथे असाल तिथून मागे फिरायचं, असा संकेत होता. सह्याद्रीत ट्रेक नेणारे लीडरही ‘अंधाराच्या आत खाली’ हा हिशेब धरूनच निघतात.

पण क्राकौर यांच्या म्हणण्यानुसार हॉल कधी १, कधी २ वाजता असं बोलले होते. शिखराच्या दिवसासाठी एकच पक्की वेळ जाहीर झालीच नाही.

त्यात वरच्या टप्प्यावर आधीच बांधलेले असायला हवेत ते दोर काही ठिकाणी नव्हते, त्यामुळे खोळंबा झाला. हॉल यांच्या तुकडीतल्या तिघांनी सकाळी साडेअकराच्या सुमारास वेळेचा हिशेब केला, जमणार नाही हे ओळखलं आणि ते मागे फिरले. ते वाचले. हॅन्सन शिखरावर पोहोचले ते ४ वाजल्यानंतर. हॉल त्यांच्यासाठी थांबले होते. दोघंही परतले नाहीत. उशिरा शिखर गाठलेले फिशरही उतरताना गेले.

दुकानाचा ऑक्सिजन

गेलेला खर्च परत येणार नसतो, तरी त्याच्याकडे बघून पुढचा खर्च होत राहतो. रॉबर्टो यांच्या विश्लेषणात हा मुद्दा ठळक आहे. हॅन्सन यांनी दोन वर्षं, पैसे आणि कष्ट ओतले होते. शंभरेक मीटरवर शिखर दिसत असताना घड्याळाचं कोण ऐकणार?

समजा, कोणी पुण्यात ८ लाख घालून कॅफे काढला. सहा महिन्यांत भाडंही निघत नाही. तेव्हा डोक्यात येतं, ‘एवढे घातलेच आहेत, अजून दोन घालू’. मग सोनं गहाण पडतं, भिशी मोडली जाते. अशा वेळी ‘कधी थांबायचं’ हे ठरवता येत नाही, कारण ठरवणारा माणूस आधीच चढावर असतो. ते शटर उघडण्याआधी कागदावर लिहावं लागतं: अमुक तारखेपर्यंत महिन्याचा गल्ला अमुक झाला नाही, तर बंद.

याहून जास्त दुर्लक्ष होतं ते उतरण्याच्या खर्चाकडे. दुकान बंद करायलाही पैसे लागतात. भाडेकरारात लॉक-इन असेल तर उरलेल्या महिन्यांचं भाडं, कामगारांचे पगार, दूधवाल्याची आणि किराणावाल्याची उधारी. जीएसटी नोंदणी रद्द केल्यावर साधारणपणे ३ महिन्यांच्या आत शेवटचं विवरणपत्रही भरावं लागतं. ही रक्कम सुरुवातीलाच वेगळ्या खात्यात ठेवली, तर उरलेलं तेच खरं भांडवल. सगळा ऑक्सिजन चढण्यात संपवला की उतरताना कर्ज काढावं लागतं. ‘शिखर गाठा’ छाप मोटिव्हेशनल रीलमध्ये हा भाग कधीच नसतो.

घड्याळ कोणाकडे?

वर गेल्यावर माझा शब्द अंतिम, वाद नको, असं हॉल यांनी गिऱ्हाइकांना आधीच बजावलं होतं. फिशर यांच्या तुकडीतले गाईड नील बाइडलमन यांनी नंतर सांगितलं की, आपण तिसऱ्या क्रमांकाचे गाईड होतो, त्यामुळे फार आग्रह धरला नाही. शंका असलेली माणसं होती, पण बोलायची सोय नव्हती.

छोट्या धंद्यात हे रोज घडतं. मालकच लीडर, मालकच गिर्यारोहक आणि घड्याळही त्याच्याच हातात. काउंटरवरचा पोऱ्या ‘शेठ, हे चालत नाहीये’ असं कसं म्हणेल? म्हणून तो कागद ज्याचा पगार मालकावर अवलंबून नाही अशा माणसाकडे द्यावा. सीए, हिशेब बघणारी बहीण किंवा जुना मित्र, कोणीही चालेल.

अर्थात, डोंगर आणि दुकान सारखं नाही. धंद्यात मुदत वाढवणं कधी कधी बरोबरच असतं. रस्ता खोदल्यामुळे चार महिने गिऱ्हाईक फिरकलं नसेल, तर तो नवा हिशेब झाला. ‘मन मानत नाही’ हा मात्र नवा हिशेब नव्हे.

या दोन्ही कंपन्या मालकांसोबत संपल्या नाहीत. ‘माउंटन मॅडनेस’ १९९७ मध्ये नव्या मालकांनी विकत घेतली, तर ‘अ‍ॅडव्हेंचर कन्सल्टंट्स’ची सूत्रं हॉल यांचे सहकारी गाय कॉटर यांनी हातात घेतली आणि मोहिमा पुढे सुरू ठेवल्या.