बिशनसिंगाचा प्रश्न

कथेतील पात्राचा अर्थ कथेतच शोधावा, लेखकाच्या चरित्रात किंवा त्याच्या काळाच्या इतिहासात नव्हे, ही भूमिका विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समीक्षेत दृढ झाली. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे वगळून कविता ठेवल्या आणि त्यांच्या अभिप्रायांची छाननी १९२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी नाट्यपात्राला संहितेबाहेरचे आयुष्य बहाल करणाऱ्या पद्धतीचा उपहास केला. १९४६ मध्ये विम्सॅट व बीअर्डस्ली यांनी लेखकाचा हेतू हा मूल्यमापनाचा निकष मानण्यास नकार दिला. मराठीत मर्ढेकरांनी वाङ्मयीन मूल्यांच्या स्वायत्ततेचा आग्रह धरला तोही याच सुमारास. या भूमिकेची खरी कसोटी मात्र भ्रमिष्ट पात्राच्या वाचनात लागते. असे पात्र स्वतःविषयी भरवशाची साक्ष देत नाही, आणि म्हणूनच बाहेरच्या माहितीचा मोह तेथे अधिक पडतो.

सआदत हसन मंटो यांची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वेड्यांच्या इस्पितळातील बिशनसिंग हा दोन प्रकारच्या वाचनांत सापडला आहे. एका वाचनाला तो फाळणीचे प्रतीक वाटतो. दुसऱ्याला तो मुंबई सोडून १९४८ मध्ये लाहोरला गेलेला आणि पुढे तेथील मनोरुग्णालयात उपचार घेतलेला मंटोच वाटतो. दोन्ही वाचने निराधार नाहीत. पण दोहोंत बिशनसिंग हा माणूस हरवतो.

कथा काय सांगते? बिशनसिंग पंधरा वर्षे इस्पितळात आहे; म्हणजे त्याचे वेड फाळणीहून जुने आहे. त्याचे कारण कथा देत नाही. खातापिता जमीनदार एकाएकी भ्रमिष्ट झाला, एवढेच कळते. तो झोपत नाही, बसत नाही. महिन्यातून एकदा नातलग भेटीला येत, आणि तो दिवस त्याला आपोआप उमगे. त्या दिवशी तो न्हाऊन, तेल लावून, केस विंचरून तयार होई. फाळणीनंतर या भेटी थांबतात, आणि अंतरीची ती खूणही मुकी होते. आपले गाव कोठे, हे तो ज्याला त्याला विचारू लागतो. भेटीला येणारी माणसे गावाकडूनच येत असावीत, तेव्हा ती नक्की सांगतील, असे त्याला वाटते. म्हणजे त्याच्या प्रश्नाला नकाशाचे उत्तर पुरणारे नाही. गावाबरोबर त्याची माणसेही बेपत्ता झाली आहेत. दोन तारकुंपणांमधील भूमीवर त्याचे कोसळणे हा राजकीय उपरोध आहेच. पण जेथे आपली माणसे नाहीत तेथे पाऊल न टाकण्याचा निग्रहही त्यात आहे.

तथापि संहितेच्या आत राहण्यालाही मर्यादा आहे. जुना मित्र फजलदीन भेटीला येतो, बिशनसिंगाच्या मुलीचे, रूपकौरचे, नाव घेतो आणि अडखळतो. मग तीही सुखरूप असल्याचे सांगतो. १९४७ मध्ये पंजाबात स्त्रियांचे जे अपहरण झाले ते ज्याला ठाऊक नाही, त्याला हे अडखळणे साधा संकोच वाटेल. येथे इतिहास कथेबाहेरचा राहत नाही. तो त्या विरामाचाच अर्थ आहे. रिचर्ड्सच्या प्रयोगातही निव्वळ शब्दांवर विसंबलेले वाचक अनेकदा चुकले होते, हे विसरता येत नाही.

तेव्हा भेद करावयाचा तो संदर्भाच्या कार्यात. कथेतील शब्द आणि मौन उलगडणारा संदर्भ आवश्यक होय; पात्राला बाजूस सारून त्याच्या जागी बसणारा संदर्भ त्याज्य होय. कथेतील दोन सरकारांनी बिशनसिंगाला न विचारता त्याची अदलाबदल ठरविली. प्रतीकाच्या मोबदल्यात माणूस देऊन टाकणारी समीक्षा त्याच व्यवहाराची पुनरावृत्ती करते.