टॅब चिन्ह, ई-टपालातील

टॅब चिन्ह, ई-टपालातील : मजकुराचा पुढील भाग ठराविक स्तंभापासून सुरू करण्याची सूचना देणारे नियंत्रण चिन्ह. टंकलेखन यंत्रावर कोष्टके टंकित करण्याच्या सोयीतून ते आले. तेथे थांबे टंकलेखक ठरवी आणि अक्षरे कागदावर कायमची उमटत. १९६३ च्या ॲस्की संकेतावलीत या चिन्हास ९ हा क्रमांक मिळाला. थांब्यांमधील अंतर मात्र त्यात अंतर्भूत नव्हते. त्यामुळे ई-टपालातून केवळ सूचना जाते व अंतर पत्र वाचणाराचा संगणक ठरवितो. युनिक्स प्रणालीतील आठ स्तंभांचा प्रघात रूढ झाला, तरी तो सार्वत्रिक नाही. उत्तर देताना मूळ ओळीपूर्वी अवतरणखूण व रिकामी जागा घातली, तर सात अक्षरांनंतरचा मजकूर आठऐवजी सोळा स्तंभांपलीकडे सरकतो, तीन अक्षरांनंतरचा मात्र जागीच राहतो. परिणामी कोष्टक विस्कटते.

काही टपाल यंत्रणा टॅबचे रिकाम्या जागांत रूपांतर करीत. १९९६ च्या माइम मानकांनी या प्रथेस तीव्र नापसंती दर्शविली. तथापि ती सर्वत्र टळणे अशक्य असल्याने टॅब टिकण्यावर विसंबू नये, असेही बजावले. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातील दुरुस्त्या ई-टपालाने पाठविल्या जातात. त्यांतील टॅब बदलल्यास दुरुस्ती मूळ आज्ञावलीशी जुळत नाही. म्हणून टपाल-आज्ञावलीने टॅब जसाच्या तसा पाठविणे आणि अंतराचा निर्णय केवळ पडद्यावर दाखविताना करणे, हेच इष्ट ठरते.