आपल्याच बाकांसमोर

पुण्यात मी तीस वर्षं फ्रेंच शिकवलं. वरच्या वर्गाला दरवर्षी एक जुनं चित्रण दाखवायचे. २६ नोव्हेंबर १९७४, पॅरिसची राष्ट्रीय सभा, केस मागे घट्ट बांधलेल्या आरोग्यमंत्री सिमोन व्हेय बोलायला उभ्या आहेत. सभागृहात ४९० सदस्य, त्यांत स्त्रिया फक्त ९. गर्भपाताला कायद्याची मान्यता देणारं विधेयक त्यांना मांडायचं आहे. कुठलीही बाई गर्भपात आनंदानं करत नाही, हे त्या इतक्या शांतपणे सांगतात की मला दरवेळी भरून यायचं.

मुलं विचारायची, "मॅडम, विरोधक कोणते?" मी व्हेय यांच्याच बाजूची बाकं दाखवायचे. सरकार उजव्या आघाडीचं, राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ, पंतप्रधान जाक शिराक. आणि सगळ्यात तिखट भाषणं झाली ती त्याच आघाडीतून.

हे वैर एका दिवसाचं नव्हतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक गेले. पाळणे रिकामे राहतील या धास्तीनं १९२० साली गर्भनिरोधाच्या प्रचारावरही बंदी आली. ती उठवायला पुढे आला तो एक गोलवादी, म्हणजे राष्ट्राध्यक्ष द गोल यांचा अनुयायी, ल्युसियाँ न्यूविर्थ. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याला गोळ्या घालायला उभं केलं होतं आणि खिशातल्या नाण्यांनी तो वाचला होता. त्यानं खुद्द द गोलचं मन वळवलं. डिसेंबर १९६७मध्ये कायदा झाला, पण स्वपक्षातल्या अनेकांनी त्याला माफ केलं नाही आणि अंमलबजावणीचे नियम पुढे कित्येक वर्षं रेंगाळले.

१९७४च्या भांडणाकडे धार्मिक विरुद्ध निधर्मी अशा नजरेनं बघितलं की हाती काहीच लागत नाही. मिशेल देब्रे हे पाचव्या प्रजासत्ताकाच्या घटनेचे शिल्पकार. त्यांच्या विरोधामागे राष्ट्राची लोकसंख्या होती. उलट युजेन क्लोदियुस-पेती श्रद्धाळू कॅथलिक, पूर्वी सुतारकाम केलेले, चंडीगढमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या ल कॉर्ब्युझिएला फिर्मिनी गावात बोलावणारे. आपल्या श्रद्धेला स्मरूनच त्यांनी विधेयकाला मत दिलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. तत्त्व सांभाळणं सोपं, पण ते सांभाळून समोरच्या बाईचं दुःख बघणं फार थोड्यांना जमतं.

त्याच चर्चेत एका सदस्यानं गर्भ भट्टीत टाकण्याची भाषा केली. सिमोन व्हेय सोळाव्या वर्षी आउशवित्झच्या नात्सी छळछावणीत पाठवल्या गेल्या होत्या. आई, वडील आणि भाऊ परतले नाहीत. हातावर गोंदलेला ७८६५१ हा आकडा मात्र त्यांच्याबरोबर राहिला. पुढे त्या सदस्यानं माफी मागितली म्हणतात. व्हेय यांच्या गाडीवर आणि इमारतीत स्वस्तिकं रंगवणाऱ्यांनी मागितली नाही.

२९ नोव्हेंबरच्या पहाटे मतदान झालं. बाजूनं २८४, विरोधात १८९. सत्ताधाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांशच बाजूनं होते. विधेयक तरलं ते डाव्यांच्या मतांवर.

इथं मी वर्गाला आपल्याकडचा कायदा सांगायचे. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीनं शिफारस केली आणि १९७१ साली, म्हणजे फ्रान्सच्या आधी, तो संमत झाला. आपल्याला लोकसंख्या वाढायची काळजी होती, त्यांना घटायची. दोन्हीकडे बाईला विचारणं मागेच राहिलं होतं.

पुढे फ्रान्समध्ये १९९८-९९ साली जोडीदारांच्या नागरी कराराचं विधेयक आलं. समलिंगी जोडप्यांनाही तो खुला होता. तेव्हा क्रिस्तीन बुतँ सभागृहात बायबल घेऊन उभ्या राहिल्या आणि त्याच उजव्या आघाडीतल्या रॉझलिन बाशलो जवळपास एकट्या विधेयकाच्या बाजूनं. १९७४ची रेघ पुन्हा तिथूनच गेली, पक्षांच्या मधून नव्हे, पक्षाच्या आतून.

मार्च २०१०मध्ये फ्रेंच अकादमीनं सिमोन व्हेय यांना आपल्यात घेतलं. स्वागताचं भाषण केलं जाँ दोर्मेसाँ यांनी, एकेकाळी उजव्यांच्या 'फिगारो' दैनिकाचे प्रमुख राहिलेल्या लेखकानं. बहुसंख्य फ्रेंच लोकांप्रमाणे आमचंही आपल्यावर प्रेम आहे, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. अकादमीच्या सदस्याला एक तलवार बाळगायची असते. व्हेय यांनी आपल्या तलवारीवर कोरून घेतला तो आकडा होता ७८६५१.