एस्टोनियातील उद्योजकीय परिसंस्था
सोव्हिएत संघातून 1991 मध्ये स्वतंत्र झालेल्या, सुमारे 13 लाख लोकसंख्येच्या एस्टोनियात नवउद्योग वाढले ते केवळ बाजारपेठ खुली झाल्यामुळे नव्हे. त्यामागे शासनाचे सातत्यपूर्ण धोरण होते. 1992 मध्ये क्रून हे स्वतःचे चलन, 1994 मध्ये एकाच दराचा प्राप्तिकर, 1996 मध्ये शाळांत संगणक नेणारी ‘व्याघ्रझेप’ योजना आणि 2000 पासून वाटप न केलेल्या नफ्याला करमाफी, यांमुळे उद्योजकाला भरवशाचे नियम मिळाले. या नवउद्योगांपैकी 2003 मधील स्काइप या इंटरनेट-संभाषण सेवेचे मुख्य प्रवर्तक स्वीडन व डेन्मार्कचे होते, तेव्हा एस्टोनियाचे यश उसने आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो अपुरा आहे : स्काइपची आज्ञावली एस्टोनियन अभियंत्यांनी घडवली आणि टाल्लिनच्या सायबरनेटिक्स संस्थेने संगणकविद्या सोव्हिएत काळातच रुजवली होती. जुने ज्ञान जपून नियम बदलणे, हेच या संक्रमणाचे खरे बळ होय.