लॅपटॉपवर जीपीएसचा ठिपका हलत का नाही? टोर्नेडोचा पाठलाग करणाऱ्यांची डोकेदुखी, समजून घ्या टप्प्याटप्प्याने

२६ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेच्या नकाशावर एक वेगळंच दृश्य दिसलं. 'ट्विस्टर' या १९९६ च्या चित्रपटाचा नायक बिल पॅक्स्टन यांचं आदल्या दिवशी निधन झालं होतं. त्यांना श्रद्धांजली म्हणून दोनशेहून अधिक स्टॉर्म चेसर्सनी, म्हणजेच वादळांचा पाठलाग करणाऱ्यांनी, 'स्पॉटर नेटवर्क' या सेवेच्या नकाशावर आपले ठिपके अशा जागी नोंदवले की त्यातून पॅक्स्टन यांची आद्याक्षरं उमटली. त्याचे स्क्रीनशॉट सोशल मीडियावर जगभर फिरले.

त्यासाठी प्रत्येकाला त्या जागी गाडी नेण्याची गरज नव्हती. स्थान हाताने भरण्याचीही सोय असते. म्हणजे नकाशावरचा ठिपका ही गाडी नव्हे, तर संगणकाला मिळालेले दोन आकडे असतात. श्रद्धांजलीच्या दिवशी यात काही बिघडत नाही. पण समोर टोर्नेडो असताना तेच आकडे चुकीचे किंवा जुने असतील तर?

लॅपटॉप आणि जीपीएस रिसिव्हर यांची जोडणी नेमकी कुठे अडते आणि ती कशी दुरुस्त करायची, ते पाहूया.

फोन असताना लॅपटॉपला वेगळा जीपीएस कशाला?

ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सास, नेब्रास्का या राज्यांत दर वसंतात, विशेषतः एप्रिल ते जून, टोर्नेडोचा जोर असतो. तिथले अनेक चेसर्स गाडीत लॅपटॉप ठेवतात. त्यावर 'जीआरलेव्हल३'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये हवामान रडारचं चित्र चालू असतं आणि त्याच चित्रावर स्वतःच्या गाडीचं स्थान दिसतं. वादळ कुठे आहे, आपण कुठे आहोत आणि बाहेर पडायचा रस्ता कुठला, हे एका नजरेत कळतं.

बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस चिप नसते. ते आसपासच्या वायफायवरून किंवा इंटरनेट जोडणीवरून जागेचा अंदाज बांधतात. शहरात हे चालून जातं, पण मैलोन्मैल शेतं पसरलेल्या भागात हा अंदाज बराच चुकू शकतो. म्हणून यूएसबीला जोडायचा छोटा रिसिव्हर वापरला जातो.

हा रिसिव्हर साधारण दर सेकंदाला मजकुराच्या काही ओळी लॅपटॉपकडे पाठवतो. या ओळींच्या ठरलेल्या पद्धतीला 'एनएमईए ०१८३' म्हणतात. मुळात ती बोटींवरच्या उपकरणांसाठी तयार झाली. ओळी वाचण्यासाठी सॉफ्टवेअर एक सीरियल पोर्ट उघडतं, ज्याला विंडोजमध्ये 'कॉम पोर्ट' म्हणतात. बहुतेक बिघाड रिसिव्हर, पोर्ट आणि सॉफ्टवेअर या साखळीतल्या एखाद्या कडीत असतो. म्हणून तपासणीही त्याच क्रमाने करावी.

पहिला प्रश्न : लॅपटॉपला रिसिव्हर दिसतोय का?

विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'पोर्ट्स'खाली रिसिव्हर दिसतो का ते पाहा. दिसत असेल तर त्याच्यापुढे कॉम ३, कॉम ७ असा क्रमांक असतो. तो लिहून ठेवा. दिसत नसेल तर तीन शक्यता आधी तपासा.

पहिली, ड्रायव्हरची. 'ग्लोबलसॅट बीयू-३५३एस४'सारख्या लोकप्रिय रिसिव्हरमध्ये यूएसबीचं सीरियलमध्ये रूपांतर करणारी 'प्रोलिफिक' कंपनीची चिप असते. या कंपनीचे नवे ड्रायव्हर जुन्या आणि नकली चिप नाकारतात. तेव्हा नावापुढे पिवळं चिन्ह येतं, 'कोड १०' ही चूक दिसते किंवा ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे असा संदेश येतो. रिसिव्हर मोडलेला नसतो, फक्त ड्रायव्हर त्याच्याशी बोलायला तयार नसतो. डिव्हाइस मॅनेजरमधून जुन्या आवृत्तीचा ड्रायव्हर निवडला की अनेकदा काम होतं. मात्र विंडोजच्या अपडेटनंतर नवा ड्रायव्हर पुन्हा येऊन बसू शकतो.

दुसरी शक्यता 'यू-ब्लॉक्स' चिपच्या रिसिव्हरबाबत. विंडोज कधी कधी त्याला पोर्ट न मानता 'लोकेशन सेन्सर' मानतं. मग तो 'पोर्ट्स'ऐवजी 'सेन्सर्स'खाली दिसतो आणि कॉम पोर्ट मागणाऱ्या सॉफ्टवेअरला काहीच सापडत नाही. अशा वेळी ड्रायव्हर बदलून 'यूएसबी सीरियल डिव्हाइस' हा पर्याय निवडावा लागतो.

तिसरी शक्यता सगळ्यात साधी. वीज न पुरवणारा यूएसबी हब, सैल झालेला प्लग किंवा फक्त चार्जिंगपुरती असलेली केबल. रिसिव्हर थेट लॅपटॉपला लावून पाहिला की याचा निकाल लागतो.

कर्सर आपोआप उड्या मारतोय?

रिसिव्हर लावून लॅपटॉप सुरू केला आणि माऊसचा कर्सर पडद्यावर सैरावैरा पळू लागला, आपोआप क्लिक होऊ लागले, तर व्हायरस शिरला असं वाटू शकतं. प्रत्यक्षात रिसिव्हरकडून सतत येणाऱ्या ओळी पाहून विंडोज त्याला जुन्या काळातला सीरियल माऊस समजलेलं असतं.

उपाय असा : रिसिव्हर जोडलेला असतानाच डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीतलं 'सीरियल बॉलपॉइंट' हे नाव शोधा आणि ते 'डिसेबल' करा. 'अनइन्स्टॉल' करू नका, कारण मग पुढच्या वेळी विंडोज ते पुन्हा बसवतं.

पोर्ट आहे, पण माहिती येत नाही. आता?

इथे वेगाची सेटिंग तपासावी लागते. एनएमईएचा मूळ वेग ४८०० बॉड. 'बीयू-३५३एस४' त्याच वेगाने बोलतो. अनेक यू-ब्लॉक्स रिसिव्हरच्या सीरियल जोडणीचा मूळ वेग ९६०० असतो. सॉफ्टवेअरमधला आकडा रिसिव्हरशी जुळला नाही तर मजकुराऐवजी नुसती अगम्य चिन्हं येतात. बाकीच्या सेटिंग सहसा ठरलेल्या असतात : ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट.

खात्री करायला 'पुट्टी'सारखा मोफत टर्मिनल प्रोग्राम पुरेसा आहे. त्यात तो पोर्ट आणि वेग भरला की येणाऱ्या ओळी थेट दिसतात. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या, स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी दिसल्या तर रिसिव्हर, केबल, ड्रायव्हर आणि वेग हे सगळं ठीक आहे. बिघाड पुढे सॉफ्टवेअरमध्ये शोधायचा. वेग बरोबर असूनही अगम्य चिन्हंच येत असतील, तर रिसिव्हर एनएमईए सोडून स्वतःच्या बायनरी भाषेत बोलत असण्याची शक्यता असते. तो त्याच्या जुळणी-सॉफ्टवेअरमधून पुन्हा एनएमईएवर आणावा लागतो.

तपासणी झाल्यावर पुट्टी बंद करायला मात्र विसरू नका. विंडोजमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम एक कॉम पोर्ट उघडू शकतो. रडारचं सॉफ्टवेअर आणि स्थान कळवणारा प्रोग्राम दोन्ही एकाच रिसिव्हरवर चालवायचे असतील, तर 'जीपीएसगेट'सारखा मधला प्रोग्राम लागतो. तो एका पोर्टचे अनेक आभासी पोर्ट करून देतो. लिनक्सवर हेच काम 'जीपीएसडी' करतो.

काल चाललं होतं, आज का नाही?

याचं नेहमीचं कारण म्हणजे रिसिव्हर आज दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला आहे. खाच बदलली की विंडोज अनेकदा नवा कॉम क्रमांक देतं. सॉफ्टवेअर मात्र जुन्याच क्रमांकावर वाट बघत बसतं. म्हणून एक खाच ठरवून त्यावर खूण करून ठेवावी.

प्रवासात मध्येच जोडणी तुटत असेल तर वीज वाचवणारी सेटिंग पाहावी. विंडोजच्या पॉवर पर्यायांतलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद ठेवलं की लॅपटॉप रिसिव्हरला परस्पर झोपवत नाही.

ओळी येतात, पण स्थान मिळत नाही?

आरएमसी नावाच्या ओळीत एक अक्षर महत्त्वाचं असतं. 'ए' असेल तर स्थान वैध, 'व्ही' असेल तर अजून मिळालेलं नाही. जीजीए या ओळीतही स्थानाच्या दर्जाचा आकडा असतो. तो ० असेल तर स्थान नाही.

अक्षांश, रेखांश आणि उंची काढायला किमान ४ उपग्रहांचे संकेत लागतात. उपग्रह आपल्या कक्षेची तपशीलवार माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित करतो. म्हणून बरेच दिवस बंद असलेल्या रिसिव्हरला मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटं द्यावीत, तीही शक्यतो गाडी उभी असताना.

ढगांमुळे जीपीएस बंद पडतं, हा समज चुकीचा आहे. जीपीएसच्या संकेतांना ढग आणि पाऊस फारसा अडवत नाहीत. धातू मात्र अडवतो. काही गाड्यांच्या समोरच्या काचेवर उष्णता रोखणारा धातूचा पातळ थर असतो. त्यामागे ठेवलेला रिसिव्हर चाचपडत राहतो. चुंबकी तळाचा रिसिव्हर गाडीच्या टपावर ठेवला तर हा प्रश्न मिटतो.

ठिपका भलत्याच जागी का दिसतो?

नेमका कुठे दिसतो, त्यावरून कारण ओळखता येतं.

ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात असेल, तर सॉफ्टवेअरला अक्षांश आणि रेखांश दोन्ही शून्य मिळाले आहेत. म्हणजे स्थान मिळालेलंच नाही.

ओक्लाहोमाऐवजी चीनमध्ये असेल, तर पश्चिम रेखांश पूर्व म्हणून वाचला गेला आहे.

वीस-पंचवीस किलोमीटर सरकलेला असेल, तर अंश आणि मिनिटांचा घोळ आहे. एनएमईएमध्ये ३५२८.२ याचा अर्थ ३५ अंश २८.२ मिनिटं, म्हणजे ३५.४७ अंश. तोच आकडा ३५.२८२ अंश असा वाचला तर ठिपका सुमारे २१ किलोमीटर दक्षिणेला जातो. नकाशावर तो अगदी खरा वाटतो, म्हणून ही चूक सगळ्यात फसवी.

ओळी नीट दिसत असूनही जुनं सॉफ्टवेअर काहीच दाखवत नसेल, तर ओळींची सुरुवात तपासा. फक्त जीपीएस वापरणारे रिसिव्हर 'जीपी' अशी सुरुवात करतात. अनेक देशांचे उपग्रह एकत्र वापरणारे 'जीएन' अशी करतात आणि काही जुन्या प्रोग्रामना ती ओळखता येत नाही.

जुन्या रिसिव्हरवर तारीख १९.६ वर्षं मागची दिसू शकते. जीपीएसमधली आठवड्यांची मोजणी दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये ती शेवटची आली होती.

सगळ्यात धोकादायक बिघाड कोणता?

जो दिसतच नाही तो. जोडणी तुटली तरी अनेक प्रोग्राम ठिपका काढून टाकत नाहीत. शेवटचं स्थान तसंच दाखवत राहतात. गाडी पुढे गेलेली असते आणि पडद्यावर ती सुरक्षित अंतरावर उभी असते. म्हणून ठिपक्यासोबत वेग आणि वेळ दिसेल अशी सेटिंग ठेवावी. गाडी चालू असताना वेग शून्य दिसला किंवा वेळ पुढे सरकत नसली, तर तो ठिपका खरा धरू नये.

जीपीएस व्यवस्थित चालू असतानाही एक फसगत उरते. ठिपका या क्षणाचा असतो, रडारचं चित्र नसतं. अमेरिकेच्या हवामान रडारला तीव्र हवामानात आकाशाची पूर्ण फेरी घ्यायला साधारण ४ ते ६ मिनिटं लागतात. सगळ्यात खालच्या थराचं चित्र मधेमधे लवकर मिळतं, पण ते लॅपटॉपपर्यंत पोहोचायलाही वेळ जातो. ताशी ६० किलोमीटरने सरकणारं वादळ ५ मिनिटांत ५ किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

हे अंतर किती महत्त्वाचं असतं, ते ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनो इथे दिसलं. तिथल्या टोर्नेडोने झपाट्याने दिशा बदलली, वेग वाढवला आणि तो सुमारे ४.२ किलोमीटर रुंद झाला. आजवर नोंदवलेला हा सर्वात रुंद टोर्नेडो. त्यात टिम सामारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा मृत्यू झाला. सामारास हे या क्षेत्रातले अत्यंत अनुभवी आणि सावध संशोधक मानले जात.

निघण्यापूर्वी काय तपासायचं?

- रिसिव्हर ठरलेल्या खाचेत लावा आणि कॉम क्रमांक जुळवा.
- मोकळ्या जागी स्थान मिळेपर्यंत थांबा. अनेक रिसिव्हरचा दिवा स्थान मिळाल्यावर लुकलुकू लागतो.
- गाडी थोडी पुढे नेऊन ठिपका हलतो का ते पाहा.
- विंडोजचे अपडेट आदल्या दिवशीच करून पुन्हा चाचणी घ्या.
- फोनमध्ये त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. फोनचं जीपीएस मोबाइल नेटवर्कशिवायही चालतं, नकाशा मात्र लागतो.
- कागदी नकाशा गाडीत असू द्या.

आणि वाटेत जोडणी तुटलीच, तर दुरुस्ती गाडी चालवणाऱ्याने करायची नाही. शेजारी कोणी नसेल तर आधी वादळापासून लांब जायचं, सुरक्षित जागी गाडी थांबवायची आणि मगच लॅपटॉपकडे पाहायचं.